नानांचं शुद्धिपत्र

शनिवारी सकाळी झुंबरबाईंनी परात पुढे ओढून रोटाचे गहू मोजायला घेतले, तेव्हा धाकट्या सुनेने, भाविकाने, मनाशी ठरवले होते की आज विषय काढायचाच.

मंगळवारी गावच्या अंगणवाडीत लसीकरण होते. तिच्या पुनमला नऊ महिने होऊन वर दीड महिना उलटला होता आणि गोवराचे इंजेक्शन दोनदा टळले होते. एकदा पोरीला बारीक ताप होता म्हणून, एकदा पोरीचा बाप जितेंद्र कापसाच्या फवारणीला गेला म्हणून. दोन्ही कारणे तशी खरीच होती. पण जे कारण कोणी बोलत नव्हते ते परातीच्या पलीकडे मांडी घालून बसले होते. अकरा वर्षांचा अभिमन, मोठ्या जावेचा मुलगा, गव्हातले खडे वेचत होता.

"सव्वा मूठ तुन्हा आजलानी," झुंबरबाई मोजत होत्या. कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटाला घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू, मग तो पुरुष सत्तरीचा असो की पाळण्यातला. "सव्वा मूठ हितेंद्रनी, सव्वा मूठ जितेंद्रनी, धुयानी प्रेमराजनी. नि ही मन्हा अभिमननी."

"खडा," अभिमन म्हणाला आणि चिमटीत धरलेला खडा त्याने वाटीत टाकला. त्याने आजीकडे पाहिले नाही. तो सहसा कोणाकडे पाहत नसे.

"शे नं? काढ बाबा. तुन्हासारखी नजर या घरमा कोनलेच नही."

भाविकाने मांडीवरच्या पुनमच्या तोंडातून झबल्याची नाडी सोडवली. "माय, मंगळवारी हिचं इंजेक्शन आहे."

झुंबरबाईंची मूठ हवेतच थांबली. "उद्या कानबाई घरमा येई, नि तू सुईनं नाव काढस?"

"सोमवारी विसर्जन होईल. मंगळवारी काय हरकत आहे?"

"आते नको. पुढला महिनामा देखू."

"नदीपलीकडच्या वस्तीत दोन पोरांना गोवर आलाय. आशाताई सांगत होती. एकाला भडगावला भरती केलंय, छाती भरली म्हणे."

"माता उनी व्हई. मातानं करनं पडस, निंबना पाला ठेवना पडस." झुंबरबाईंनी उरलेले गहू परातीत सोडले. मग त्या अभिमनकडे पाहत राहिल्या. ती नजर भाविकाच्या ओळखीची होती. तिचा अर्थ असा की एकदा दिली सुई, काय झालं ते देखस नं?

घरात सगळ्यांना पाठ असलेली हकिकत एवढीच होती. अभिमन सव्वा वर्षाचा होता तेव्हा 'आई', 'बस', 'दूद' असे चारपाच शब्द बोलायचा. मग गोवराचे दुसरे इंजेक्शन झाले आणि पुढच्या दोनतीन महिन्यांत शब्द गळून पडले. तिसऱ्या वर्षी नाशिकच्या डॉक्टरांनी स्वमग्नता असे नाव सांगितले. या दोन गोष्टींच्या मध्ये जी जागा होती, ती ज्याने त्याने आपल्या समजुतीने भरून घेतली होती.

अभिमनची आई चारुलता भोपळ्याची फोड घेऊन आत आली. दोघी गप्प झाल्या. चारुलताने तिकडे लक्ष दिले नाही. आपण आलो की बोलणे थांबते, याची तिला सवय होती. तिने विळी घेतली आणि म्हणाली, "केवढ्या फोडी करू माय?"

"तुले वाटतीन तेवढ्या कर."

भाविकाला वाटले, ज्या बाईला विचारायला हवे ती हीच आहे. आणि हिलाच विचारता येत नाही.

*

रविवारी सकाळी प्रेमराज धुळ्याहून आला तो शेवंतीच्या दोन टोपल्या, केळीचे खांब आणि चालू मोबाइल असा सगळा सरंजाम घेऊन. तो नानांच्या, म्हणजे झुंबरबाईंच्या यजमानांच्या, धाकट्या भावाचा मुलगा. वडील गेल्यापासून त्याची कानबाई याच घरी असे. धुळ्यात त्याचे मोबाइलचे दुकान होते आणि 'कानबाई परिवार' या नावाचा एकशे चाळीस भाऊबंदांचा ग्रुप त्यानेच काढला होता.

"जितू, पोरीला टोचणार म्हणे तू?" खांब ओट्याला टेकवता टेकवता तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"काकूनी सकायमा फोन करा. म्हने समजाड त्याले."

जितेंद्र खांबाला सुतळी बांधत होता. "माझं काही ठरलेलं नाही. भाविका म्हणते द्यावं, माय म्हणते नको. मी बापडा दोघींच्या मधी."

थोरला भाऊ हितेंद्र, अभिमनचा बाप, ओट्याच्या कडेला पेपर घेऊन बसला होता. सणाला तो बायको-मुलासह जळगावहून आला होता; तिथल्या दूध संघातल्या नोकरीत त्याने एक गोष्ट शिकून घेतली होती. वाद सुरू झाला की पेपराचे पान उलटायचे. ते त्याने उलटले.

"ठरवायला काय लागतं? हे वाच." प्रेमराजने मोबाइल जितेंद्रच्या नाकासमोर धरला. "मी दर सहा महिन्याला ग्रुपवर टाकतो. लोक टाकतात ते विलायतेतलं कोणाचं काहीबाही असतं. हे आपल्या घरचं आहे. नानांचं स्वतःचं अक्षर."

हितेंद्रला न पाहताही ते दिसले. रविवारच्या पुरवणीचे पिवळे कात्रण, 'गोवराची लस आणि अबोल मुले', विलायतेतल्या एका डॉक्टरने लावलेला शोध. चार ओळींखाली लाल पेन्सिलीच्या रेघा आणि समासात बारीक, तिरके अक्षर: 'वाचावे. विचार करावा.' खाली 'तो. झि.' ही तोताराम झिपरू यांची सही. आठ वर्षांपूर्वी नाशिकहून परतल्यावर नानांनी ते त्याच्या हातात दिले होते. भडगावच्या वाचनालयात एकतीस वर्षे ग्रंथपाल राहिलेला बाप. लग्नपत्रिकेतली तिथीसुद्धा दोन पंचांगांत पाहून घेणारा. त्याने दिलेले कात्रण खोटे असेल असे कोणाच्या मनात येणार? मागल्या वर्षी शाळेत दहा वर्षांच्या मुलांना धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायला माणसे आली, तेव्हा हितेंद्रने लिहून दिले होते, 'आमच्या पाल्यास देऊ नये.' त्या चिठ्ठीमागेही हेच कात्रण होते.

"आणि आता तर अमेरिकेतून नवीनच आलंय," प्रेमराज सांगत होता. "सुईबरोबर गोळीपण. गरोदर बाईनी तापाची गोळी घेतली तर पोर असं निघतं. मोठमोठे लोक टीव्हीवर बोलले. आता वहिनीनी घेतल्या असतील..."

"दोन."

चारुलता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"दोन घेतल्या होत्या, भाऊजी. सातव्या महिन्यात. एकशे दोन ताप होता, डॉक्टरीणबाईंनीच दिल्या होत्या. एक संध्याकाळी, एक सकाळी. तुमची ती बातमी आली तेव्हापासून रोज मोजते. दोनच होतात." तिने कप प्रेमराजपुढे धरला. "साखर कमी आहे. सांगा, आणते."

"नही वहिनी, मी तसं नाही..." प्रेमराजने कप घेतला आणि भुईकडे पाहू लागला. तो वाईट माणूस नव्हता. अभिमनसाठी तो दर खेपेला न विसरता बिनआवाजाची खेळणी आणत असे.

हितेंद्रने पान उलटले. तेच पान त्याने परत उलटले.

*

ओट्याला लागून असलेल्या खोलीत तोताराम नाना हे सगळे ऐकत होते. त्यांना ऐकायचे नव्हते, पण ती खिडकी लागत नसे.

आपल्या अक्षराची एवढी भीती त्यांना पूर्वी कधी वाटली नव्हती. कात्रण दिले तेव्हा नातवाच्या दुःखाने त्यांची मती गुंग झाली होती. काहीतरी कारण सापडावे एवढेच हवे होते, आणि ते वाचनालयाच्या जुन्या गठ्ठ्यात सापडले. मग सहा महिन्यांनी दुसरी हकिकत वाचनात आली. तो शोध फक्त बारा मुलांवर बेतलेला होता. त्या डॉक्टरच्या बहुतेक साथीदारांनी त्या निष्कर्षातून आपले नाव काढून घेतले, ज्या वैद्यकीय नियतकालिकाने तो छापला त्याने तो मागे घेतला आणि डॉक्टरची सनदही गेली. हे सगळे कात्रण कापण्याच्या कितीतरी वर्षे आधी घडले होते. नानांनी पेपर जुना आहे हे पाहिले होते. पुढे काय झाले ते पाहिले नव्हते.

त्या दिवशी नानांनी काय केले? ग्रंथपाल करतो तेच. चांगला कागद घेतला, वर 'शुद्धिपत्र' असे लिहिले, चूक काय आणि दुरुस्ती काय ते दोन रकान्यांत मांडले आणि ज्या फायलीत कात्रणाची नक्कल होती तिथे टाचणीने लावून ठेवले. फाइल कपाटात गेली. त्यांच्या लेखी चूक दुरुस्त झाली. पुढे डेन्मार्कची पाहणी वाचली, तीही जोडली. स्वीडनची आली, तीही. फाइल दर वर्षी अधिक अचूक होत गेली आणि घर होते तिथेच राहिले.

सांगायचे त्यांनी ठरवले नव्हते असे नाही. पण कोणी विचारले नाही. आणि न विचारता बोलणे त्यांना कधी जमले नव्हते; वाचनालयातही ते वाचकाला 'वेळ झाली' असे न म्हणता फक्त एकेक दिवा मालवत जात.

अभिमन आत आला, कपाटाशी बसला आणि खालच्या फळीवरची पुस्तके उंचीप्रमाणे लावू लागला. नानांनी ती विषयाप्रमाणे लावली होती. त्याच्या डोक्यावरून हात नेऊन त्यांनी वरची फाइल काढली आणि टाचणी सोडवली. टाचणी गंजली होती. कागदावर तिचा तांबूस डाग उमटला होता.

"चाला हो," झुंबरबाईंची हाक आली. "रोट वाढतस. दार लावानं शे."

*

रोट घरच्यांनीच खायचा. परक्याला द्यायचा नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. म्हणून जेवायला बसताना पुढचे दार लावून घेतात. मधल्या घरात चौरंगावर कानबाई बसली होती, नारळाचे तोंड, नाकात नथ, अंगावर झुंबरबाईंचा हिरवा शालू. तिच्यासमोर पाने मांडली होती. रोट, खीर, भोपळ्याची भाजी, कटाची आमटी. बाहेर गल्लीत बँडवाल्यांची तालीम चालली होती. अभिमनने एका कानावर हात ठेवला होता आणि दुसऱ्या हाताने तो खीर खात होता.

"मला," नाना म्हणाले, "जरा बोलायचं आहे."

कोणाला ऐकू गेले नाही. प्रेमराज जितेंद्रला दुकानाच्या भाड्याचे काही सांगत होता. नानांनी घसा साफ केला. तेही कोणी ऐकले नाही. मग त्यांनी खिशातला कागद काढून ताटाशेजारी ठेवला. जेवताना कागद काढलेला झुंबरबाईंना बरोबर दिसला.

"आते काय वाचतस? जेवानं सोडीसन?"

सगळे गप्प झाले. नानांना वाटले, गलका होता तेच बरे होते.

"प्रेमराज, ते कात्रण चुकीचं आहे."

"कोणतं?"

"माझं. लाल रेघांचं. तो शोध खोटा निघाला. नियतकालिकानं मागे घेतला. माझ्या हातून चूक झाली." एवढे बोलून त्यांना दम लागला. मग ते कागदावरून वाचू लागले, कारण वाचणे सोपे होते. बारा मुले. मागे घेतलेला शोध. मग डेन्मार्क. "तिथं साडेसहा लाख मुलांची नोंद वर्षानुवर्षं ठेवली. लस दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत स्वमग्नतेचं प्रमाण सारखंच निघालं. ज्यांच्या घरात आधीच असं मूल होतं, त्यांच्या धाकट्या भावंडांतही सारखंच."

भाविकाने पुनमला मांडीवर सरळ बसवले.

"पण नाना, सुई दिली नि पोर अबोल झालं, हे तर डोळ्यांनी पाहिलंय नं सगळ्यांनी?" प्रेमराज म्हणाला. तो भांडत नव्हता, खरेच विचारत होता.

"पाहिलं. पण ते इंजेक्शन ज्या वयात देतात, त्याच वयात मूल बोलायला लागलं की नाही हे कळायला लागतं. दोन्ही एकाच वेळी येतं. म्हणून..." नाना अडले.

"पहिली फवारणी," जितेंद्र अचानक म्हणाला. "कपाशीचं पान आठवड्यानं उघडतं तेव्हाच आपण फवारणी करतो. पान मुडपलेलं निघालं तर फवारणीला शिव्या देतो. पण फवारा न मारलेल्या वाफ्यात बी तेवढीच पानं मुडपलेली असतात. मोजली तर."

"मोजली तर," नाना म्हणाले. त्यांनी धाकट्या मुलाकडे जरा आश्चर्याने पाहिले. "त्यांनी मोजली."

"नि गोळी?" प्रेमराजने चारुलताकडे न पाहता विचारले.

"ते वाचतो. स्वीडन. चोवीस लाख मुलं. वरवर पाहिलं तर गोळी घेतलेल्या बायांच्या मुलांत किंचित जास्त दिसलं. मग त्यांनी सख्खी भावंडं शेजारी ठेवली, एकाच्या वेळी आईनं गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. तर फरकच उरला नाही. म्हणजे जे काही होतं ते गोळीत नसावं, घरात असावं. अमेरिकेतल्या त्या बोलण्यानंतरही पुष्कळ डॉक्टरांनी हेच सांगितलं."

"घरमा म्हंजे?" झुंबरबाईंनी विचारले.

"पिढीजात. बरंचसं जन्माआधीच ठरलेलं. एक कारण नाही, पुष्कळ बारीक बारीक गोष्टी आई-बापाकडून उतरतात. सगळं अजून कोणालाच कळलेलं नाही."

झुंबरबाईंनी विचार केला. "म्हंजे हाई रोटनागत शे. घरनं घरमाच."

प्रेमराजला हसू फुटले. "मग काकू, उतरलं कोणाकडून?"

सगळ्यांच्या नजरा नानांच्या ताटाकडे गेल्या. नानांनी आमटी, खीर आणि भाजीच्या वाट्या एका रेघेत, लहानीपासून मोठीपर्यंत लावून ठेवल्या होत्या. जितेंद्र खो खो हसायला लागला. झुंबरबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "लगीन व्हयनं त्या सालले मी यास्ले इचारं, माले देखं का नही? ते म्हने, बांगड्या देखन्यात. बारा व्हत्यात."

नानाही हसले. कान लाल झाले होते. "मला ठाऊक नाही. माझ्या अंदाजावर आता विश्वास ठेवू नका. एकदा ठेवलात तेवढा पुरे."

एक माणूस हसला नव्हता.

"हे तुम्हाला कधी कळलं, नाना?" हितेंद्रने विचारले.

"तेव्हाच. म्हणजे... सहा महिन्यांनी."

"आणि सांगितलं नाही?"

"लिहून ठेवलं होतं. फायलीत."

"फायलीत!" हितेंद्रचा आवाज चढला तसा अभिमनने दुसराही हात कानावर नेला. हितेंद्रने लगेच आवाज खाली आणला. "मी शाळेत लिहून दिलं, नाना. माझ्या सहीनं. आणि हिला... हिला घरात कोण काय म्हणायचं ते ऐकत नव्हता तुम्ही? त्या खिडकीतून सगळं ऐकू येतं."

"येतं," नाना म्हणाले.

चारुलता इतका वेळ बोटाने ताटातल्या रोटाचे तुकडे करत होती. एकही तोंडात गेला नव्हता. "त्या इंजेक्शनच्या दिवशी तुम्ही सगळे चाळीसगावला लग्नाला गेला होतात," ती म्हणाली. "मी म्हणाले, तारीख चुकायला नको, मी एकटी नेते. रिक्षा केली. येताना झोपला होता माझ्या खांद्यावर. जळगावात त्या दवाखान्याच्या रस्त्यानं मी आता जात नाही. बाजार पलीकडे आहे, तरी वळसा घालून जाते. यांना वाटतं मला चालायला आवडतं." तिने हितेंद्रकडे पाहिले. मग नानांकडे. "आठ वर्षं, नाना."

"साडेसात," नानांच्या तोंडून निघून गेले, आणि जीभ चावावी असे त्यांना झाले.

चारुलताने डोळे विस्फारले. मग तिला हसू आले. आधी नुसते नाकातून, मग आवरेना. हसता हसता डोळे वाहू लागले आणि ती ते डाव्या हाताने पुसत राहिली. "अचूक," ती म्हणाली. "किती अचूक आहात हो तुम्ही."

"मी चुकलो, बाई."

"हो. चुकलात." तिने ते सोडून दिले नाही आणि गोडही केले नाही. "पुन्हा काही वाचलंत तर आधी मला सांगायचं. कपाटाला नाही."

"सांगेन."

झुंबरबाई उठल्या. घरातला रिवाज असा की गरम रोट आधी पुरुषांच्या पानात पडे. त्या दुरडी घेऊन सरळ चारुलतापाशी गेल्या, वरचा, तुपाने निथळणारा रोट त्यांनी तिच्या ताटात ठेवला आणि आधीचे तुकडे उचलून आपल्या ताटात घेतले. "थंडा व्हई गया तो," त्या म्हणाल्या. "हाऊ खा." आणि थोड्या वेळाने, कोणाकडेच न पाहता, "मी बी भलतं बोलनू तुले. मन्हा तोंडले हाड नही."

"माय, मग मंगळवारचं?" भाविकाने धीर करून विचारले.

"माले काय इचारस? या वाचेल मानसं शेतस नं? नि आते दुरुस्ती करेल शे." झुंबरबाईंनी दुरडी खाली ठेवली. "निंबना पाला मी तरी ठेवसू पोरना उशासले. त्यानी काय बिघडस?"

"काही बिघडत नाही," नाना घाईने म्हणाले.

"नेऊ," जितेंद्र म्हणाला. भाविकाकडे पाहून त्याने मान हलवली. "मंगळवारी नेऊ."

"मला तिचं रडणं बघवत नाही," भाविका म्हणाली. "हात कापतात माझे. मागच्या वेळी सिस्टर रागावली होती."

"मी घेईन मांडीवर," चारुलता म्हणाली.

प्रेमराजने बोटे चाटून पुसली आणि मोबाइल काढला. "नाना, तो कागद द्या. ग्रुपवर टाकतो. नाहीतर ते कात्रण अजून शंभर वर्षं फिरेल."

"त्यावर गंजाचा डाग आहे."

"राहू द्या. लोकांना वाटेल जुनं आहे म्हणजे खरं आहे."

संध्याकाळपर्यंत शुद्धिपत्राला एकशे चाळीसपैकी एकतीस जणांचे नमस्कार आले. साक्रीच्या शालिग्रामने विचारले, 'मग ज्यांचं द्यायचं राहिलं त्यांचं काय?' आणि पहूरच्या योगराजने विचारले, 'विसर्जनाचा बँड किती वाजता?'

*

सोमवारी कानबाई गिरणेच्या पाण्यात गेली. झुंबरबाईंनी चौरंग डोक्यावर घेतला, सुना बँडपुढे फुगड्या खेळल्या आणि हितेंद्र बापाशी दिवसभर बोलला नाही. परतताना वाळूत नानांची चप्पल रुतली तेव्हा मात्र त्याने न बोलता हात पुढे केला आणि ओट्यापर्यंत तो सोडला नाही.

मंगळवारी अंगणवाडीत दहा-बारा बाया बसल्या होत्या. आशाताई वहीत नावे लिहीत होती. निळ्या शीतपेटीपाशी सिस्टर बसली होती, पन्नाशीची, घाईत असलेली. नाना आले होते ते का, हे त्यांना स्वतःलाच नीट सांगता आले नसते. अशा ठिकाणी ते कधी येत नसत. ते सिस्टरच्या टेबलाशेजारी, खिडकीपाशी उभे राहिले, कारण बसायला सांगेल असे कोणी नव्हते.

"पुनम जितेंद्र," सिस्टरने कार्ड पाहिले. "अगं, हिला उशीर केलात. आई कोण?"

"मी," भाविका म्हणाली. "पण मांडीवर ताई घेणार."

"कोणीही घ्या. घट्ट धरा फक्त."

चारुलता स्टुलावर बसली. तिने पुनमचे पाय आपल्या गुडघ्यांत धरले, डावा हात छातीशी दाबला आणि उजवा दंड मोकळा केला, जणू हे ती रोज करत होती. सुई गेली तेव्हा भाविकाने तोंड फिरवले. चारुलताने नाही फिरवले. पुनमने आधी आश्चर्याने तोंड उघडले आणि मग सगळी अंगणवाडी दणाणून सोडली. चारुलता तिच्या टाळूवर ओठ टेकवून हलकेच डुलत राहिली. सिस्टरने चमच्याने जीवनसत्त्वाचे औषध पाजले. ते गोड होते. रडणे चमच्याभोवतीच विरले.

"अर्धा तास बसा. ताप आला तर गोळी लिहून देते. झालं. पुढचं?"

चारुलताने पुनमला भाविकाकडे दिले, पण ती स्टुलावरून उठली नाही. भिंतीशी उभ्या असलेल्या अभिमनला तिने जवळ ओढून घेतले. "याचं पण द्यायचंय. दहाव्या वर्षाचं, धनुर्वाताचं."

"किती वर्षांचा आहे?"

"अकरा पूर्ण."

"मग राहिलं कसं?" सिस्टरने चष्म्यावरून पाहिले. "शाळेत देतात की. का नाही दिलं?"

चारुलताने अभिमनची बाही वर करायला घेतली. बाया ऐकत होत्या. हितेंद्र दारात होता, त्याने घसा साफ केला.

"माझ्यामुळे राहिलं," नाना म्हणाले.

आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. आशाताईचे लिहिणे थांबले. नाना पुढे सांगणार होते, कात्रण, लाल पेन्सिल, फाइल, सगळे. शब्द आश्चर्यकारक रीतीने रांगेत उभे होते.

सिस्टरने औषधाची कुपी उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि मागे न पाहता म्हणाली, "बरं, बरं. आजोबा, जरा बाजूला सरका. तुमचा अंधार पडतोय."

नाना बाजूला सरकले.